नैनकलाच्या डोकोचा वारस

काफलडांड्याच्या चहामळ्यात तीनशे बारा माणसं कामाला होती, आणि नैनकला राईच्या मते त्यातल्या तीनशे अकरांना काम येत नव्हतं.

हे मत ती लपवून ठेवत नसे. लपवायला जागाही नव्हती. बाई साडेचार फुटांची, पाठीवर डोको, म्हणजे बांबूची उभी टोपली, कपाळावरच्या पट्ट्याने तोललेली, आणि वर छत्री. एवढ्या सामानात मनातलं मनात ठेवणार कुठे? ते तोंडावाटे बाहेर पडे. नवा साहेब खालच्या मैदानी मुलखातून वर आला तेव्हा तिने त्याला बुटांपासून चष्म्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि शेजारणीला सांगितलं, की मागचा साहेब निदान दिवसातून दोनदा घसरून पडायचा, त्यामुळे मातीशी त्याची तोंडओळख तरी होती. हा तर मातीला विचारून पाय टाकतो. साहेबाने ते ऐकलं. ऐकावं म्हणूनच ती बोलली होती.

तिच्या हातांबद्दल मळ्यात काहीबाही सांगतात. चालू कामात तिचा अंगठा चाळीस वर्षांत कुणाला दिसला नाही, इतका तो वेगात असे. एकदा एका परदेशी पाहुण्याने तिचा फोटो काढला. फोटोत बाई आली, डोको आली, झुडूप आलं, पण कोपरापुढचे हात काही आले नाहीत. कंपनीने बाईचे हात तोडले असं समजून तो भला माणूस मायदेशी जाऊन निषेधाची सभा भरवून बसला. असारात, म्हणजे आषाढात, मळ्यातल्या जळवा सगळ्यांना चावतात. नैनकलाला चावलेली जळू मात्र दुसऱ्या दिवशी त्या ओळीत फिरकत नसे. रक्त फार तिखट, असं जळवांचं म्हणणं.

चहा पिणाऱ्यांविषयीही तिचं फार बरं मत नव्हतं. काफलडांड्याचा चहा म्हणे परदेशात लोक डोळे मिटून पितात. त्यावर ती म्हणे, किंमत ऐकल्यावर डोळे मिटणारच. ती स्वतः घरी मैदानातली काळी भुकटी उकळायची, त्यात चिमूटभर मीठ टाकायची आणि ढगासारखा आवाज करत प्यायची. झाडावरची ती कोवळी पानं माणसाने प्यायची असतात, हे तिला कधी पटलंच नाही. ती खुडायची असतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

आणि त्या असारात नैनकलाला अठ्ठावन्न वर्षं पुरी होत होती.

अठ्ठावन्न झालं की कंपनी डोको उतरवून घेते. वाईट त्याचं नाही. मळ्याची रीत अशी, की उतरलेली डोको घरातल्याच कुणा एकाच्या पाठीवर चढते. याला बदली म्हणतात. बदली देणारं घर कंपनीच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, राहतं. बदली द्यायला माणूस नसेल, किंवा दिलेल्या माणसाला काम जमत नसेल, तर घरही परत जातं. नैनकलाचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्यात तिच्या आजीने चूल मांडली, आईने डुकराचा गोठा बांधला, तिने स्वतः छपरावर इस्कुस या फळभाजीचा वेल चढवला आणि मोरीला दगड बसवले. तीन पिढ्या राबून पायाखालची टाचभर माती कुणाच्या नावावर नव्हती. दगड तिचे, दगडाखालची जमीन कंपनीची. बदली जमली नाही तर तीन महिन्यांत दगड तिथेच ठेवून बाहेर पडायचं, आणि बाहेर म्हणजे नेमकं कुठे, हे नैनकलाला ठाऊक नव्हतं. काही ठाऊक नसण्याची तिची ती पहिलीच खेप, त्यामुळे त्या वर्षी ती जरा जास्तच तिखट झाली होती.

बदलीला घरात माणसं दोन. एक मुलगा सुवास, दुसरी त्याची बायको रेबिका.

सुवासचा विचारच नव्हता. काफलडांड्यात पुरुष झुडपं छाटतात, औषध फवारतात, कारखान्यात पाती, म्हणजे खुडलेली पानं, सुकवतात, आणि उरलेला वेळ राजकारण करतात. खुडणं बायकांचं. पुरुषाचे हात म्हणजे खुरपी, असं नैनकला म्हणे, आणि सुवासचे तर खुरपीही नव्हेत, खुरप्याची मूठ. तिशीला आलेला हा मुलगा आधी जीपवर सामान बांधायला होता. एका वळणावर अर्धं सामान दरीत गेलं. मग बाजारात मोमो विकू लागला. विकण्यापेक्षा खाल्ले जास्त. मग चौघांचा बँड काढून गिटार वाजवू लागला, तो बँड तिघांचा झाला आणि सुखाने नांदला. आता घरी बसून इस्कुसच्या वेलाकडे बघायचा. मिशी मात्र त्याने छान राखली होती. मळ्यातल्या बायका म्हणायच्या, नैनकला दिदीच्या घरात कामाला लागलेली चीज ती एक मिशीच.

रेबिका बाजारातली पोर, तामांगांची. तिने भुवया कोरण्याचं, केस सरळ करण्याचं शिक्षण घेतलं होतं. नखं बोटाएवढी, जांभळी. असाराआधी, जेठात, नैनकलाने तिला घरामागच्या झुडपाशी उभी केली आणि दाखवलं: दोन पानं, मधला कोंब, बोटाच्या पेरात धरायचं आणि मोडायचं. नख लावायचं नाही. नखाने कापलं की देठ लाल पडतो, आणि लाल देठाची पाती कारखान्यात जाईपर्यंत सडकी होते. रेबिकाने मान हलवली, हात घातला आणि पहिलाच कोंब नखाने असा साफ उडवला की घटकाभरात देठ रक्तासारखा लाल.

"खुडतेस का खून करतेस?" नैनकलाने विचारलं.

रेबिकाने नखं कापली. चार दिवस रडली आणि कापली. उपयोग झाला नाही. तिचं बोट धाग्याला सरावलेलं, चिमटीत आलेलं काहीही ती उपटायलाच बघे. नैनकलाने तिच्या बापाचा, बाजाराचा आणि सौंदर्यशास्त्राचा उद्धार केला. पण बदलीच्या कागदावर नाव रेबिकाचंच घातलं, कारण दुसरं नावच नव्हतं.

बदलीची परीक्षा पंधरा दिवसांची. रोज आठ किलो बारीक पाती, लाल देठ नाही, गवत नाही. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः तोलून सही करणार. रोजची नजर ठेवायला कामदारी, म्हणजे खुडणाऱ्या टोळीचा मुकादम. तो पदमलाल. हा पदमलाल वीस वर्षं हातात वेताची छडी घेऊन उतारावर उभा होता आणि नैनकलाच्या मते त्याच्यात आणि कुंपणाच्या खांबात एवढाच फरक, की खांबावर पक्षी तरी बसतात. त्याच्या बहिणीची मुलगी नोकरीवाचून होती, आणि पदमलालचा डोळा नैनकलाच्या मोरीच्या दगडांपर्यंत गेलेला होता.

पहिल्या दिवशी रेबिकाची पाती अडीच किलो भरली. त्यात निम्मं गवत, आणि एक बेडूक. पदमलालने बेडूक वेगळा काढून सगळ्यांना दाखवला आणि वजनातून वजा केला. दुसऱ्या दिवशी तीन किलो. तिसऱ्या दिवशी पदमलाल सहज फिरत फिरत नैनकलाच्या घरापाशी आला, पावलांनी मोरी मोजली आणि म्हणाला की वेल चांगला लागलाय, दिदी. नैनकलाने त्याच्या अंगावर डुकराचं पाणी टाकलं. मुद्दाम नव्हे, असं तिने नंतर सांगितलं. तो उभा होता तिथे ती रोजच टाकते.

चौथ्या दिवशी रेबिकाची पाती आठ किलो दोनशे भरली. एकही देठ लाल नाही.

पदमलालने काटा उलटा करून पाहिला. पाचव्या दिवशी साडेआठ. सहाव्या दिवशी नऊ, आणि पाती अशी एकसारखी की जणू मोजपट्टी लावून खुडलेली. मळ्याला आनंद व्हायला हवा होता. नैनकलाला राग आला. चार दिवसांत हात येत नाही. तिला स्वतःला दोन वर्षं लागली होती, आणि ती नैनकला होती. तेव्हा यात नक्की काहीतरी पाणी मुरत होतं. बायका दया येऊन रेबिकाच्या डोकोत आपली मूठमूठ पाती टाकत असतील, असा तिने तर्क केला. घर गेलं तरी चालेल पण रेबिकाच्या टोळीतल्या सन्तमायाच्या दयेची पाती नको, असं तिने म्हणून टाकलं, आणि मग घर गेलं तरी चालणार नाही हे आठवून डुकराला शिव्या घातल्या.

तिने विचारून पाहिलं. रेबिकाची टोळी खालच्या नऊ नंबरच्या उतारावर, नैनकला वरच्या जुन्या बायकांत. मधे अर्धा डोंगर. खालच्या बायका सुटल्यावर भेटत, पण विचारलं की एकीला खोकला येई, दुसरीला आपली गाय आठवे. एक गोष्ट मात्र नैनकलाच्या ध्यानात आली आणि तिने तिचीही तुच्छतेने नोंद घेतली: खालच्या टोळीतल्या बायका एकाएकी सुंदर दिसू लागल्या होत्या. सन्तमायाच्या भुवया म्हणजे दोन सुरवंट, जन्मभर कपाळावर चाललेले. त्या आता बारीक, कमानदार. पासष्ट वर्षांच्या एका बोजूच्या, म्हणजे आजीबाईच्या, भुवया नटीसारख्या, आणि त्यामुळे बोजू सदा आश्चर्यात पडलेली. पदमलालच्या बायकोच्यासुद्धा. नैनकला म्हणाली, भात नासला की असंच होतं, माणसं फॅशन करायला लागतात.

नवव्या दिवशी तिने पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि डोको पाठीवर तशीच ठेवून खाली उतरली. धुकं असं, की छत्री मिटून धुक्यातच टेकवून ठेवावी. एका कारकुनाने त्या वर्षी धुक्याला आपली टोपी अडकवली होती आणि ती भदौमध्ये, म्हणजे भाद्रपदात, धुकं उठल्यावर खाली पडली, असं सांगतात. नैनकला आवाजावरून चालली. कोंब मोडण्याचा एक आवाज असतो. कच्च्या हाताचा आवाज फाटतो. पक्क्या हाताचा तुटतो. नऊ नंबरात सगळीकडे फाटण्याचे आवाज येत होते, तिला अपेक्षित होतं तसेच. आणि मधेच एका ठिकाणी तुटण्याचा आला. सलग, दोन्ही हातांचा, एकात एक मिसळलेला, पत्र्यावर दाणे पडावेत तसा.

ती थांबली. असा आवाज मळ्यात एकाच झुडपापाशी येतो आणि तिथे ती स्वतः उभी असते.

ती दोन ओळी सरकली. धुक्यात एक पाठ दिसली, वर डोको, डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेली फुलाफुलांची ओढणी, कमरेला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. आणि हात. उजवा हात मोडत असतानाच डाव्या हाताचं पान निवडलेलं असे. कोंब मोडताना मनगट हलत नव्हतं. मूठ भरली की न बघता खांद्यावरून मागे, आणि एक पान बाहेर सांडत नव्हतं. नैनकला बघत राहिली. तिला कुणाचं कधी काही आवडलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला काय होतंय हे तिला आधी कळेना. वाटलं, पोट खरंच दुखतंय. मग ध्यानात आलं की तिला हेवा वाटतोय. ही कोण बया? कुठल्या मळ्यातून आली? बायका हिला आणून रेबिकाची डोको भरून घेतायत तर. तिने मनाशी ठरवलं की आधी हिचे हात धरून बघायचे आणि मग हिला शिव्या द्यायच्या.

तिने पुढे होऊन ओढणी खेचली. आत मिशी होती.

"आमा," सुवास हळूच म्हणाला, "ओरडू नकोस. पदमलाल काका खालच्या वळणावर आहे."

नैनकला ओरडली नाही. तिने मान वळवून आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या ओळीत सन्तमायाची बहीण झुडपाला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि रेबिका दातात धागा धरून तिच्या भुवया कोरत होती. मागे आणखी दोघी नंबर लावून उभ्या होत्या. सगळा हिशेब नैनकलाला एका नजरेत उलगडला: नवरा बायकोची डोको भरतो, बायको टोळीच्या भुवया कोरते, आणि टोळी तोंड मिटून बसते.

"हे कुठे शिकलास?" तिने विचारलं.

"तुझे हात बघत मोठा झालो, आमा. दुसरं बघायला होतं काय?"

"मग आजवर बोलला का नाहीस?"

सुवास खाली बघू लागला. पुरुषाने खुडलेलं मळ्यात कुणी ऐकलं नव्हतं. बाजारातले मित्र हसले असते, छाटणीची टोळी हसली असती. पण ते काही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "तू हसली असतीस."

ते खरं होतं. तिने ओढणी परत त्याच्या तोंडावर ओढली आणि आल्या वाटेने वर गेली. त्या दिवशी संध्याकाळी किनेमा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची भाजी, आणि भात वाढताना तिने कोणताच विषय काढला नाही. सुवासने पाणी तीनदा मागितलं. शेवटी ताट उचलताना नैनकला म्हणाली, "तिसऱ्या ओळीत दोन झुडपं सोडलीस." एवढंच. सुवासने दुसऱ्या दिवशी सोडली नाहीत.

मग तिने हिशेब मांडला तो असा: सहा दिवस राहिलेत, असारात धुक्याला तोटा नाही, मिशी ओढणीत मावते. कंपनीला फसवण्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. चाळीस वर्षं कंपनीने तिला छत्री देईन म्हणून फसवलं होतं. लाज वाटत होती ती वेगळीच. तिच्या डोकोला वारस मिळाला होता, असा की तीन डोंगरांत मिळू नये, आणि त्याला बायकोच्या ओढणीत लपवावं लागत होतं. पण घर राहत होतं. तेव्हा लाज गिळायची.

पंधराव्या दिवशी ऊन पडलं.

असारात असं ऊन पडत नाही. जणू पदमलालनेच ते कुठून उसनं आणलं. त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं, आणि त्याने साहेबाला सांगून शेवटची तोलणी कारखान्यासमोरच्या रस्त्याकडेच्या उतारावर ठेवली होती, जिथे धुकं असलं तरी लोक असतात. साहेब खुर्ची टाकून बसला. खालच्या टोळीतल्या ऐंशी बायका ऐंशी जोड कमानदार भुवयांनी बघत उभ्या राहिल्या. छाटणीवाले पुरुष रस्त्याच्या कठड्यावर, त्यांच्यात सुवास, स्वतःचे बूट बघत.

रेबिका झुडपात शिरली. पोरीने जिवापाड केलं, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. नैनकलाने तरीही ठेवली. दुपारपर्यंत दीड किलो. पदमलालने मूठभर पाती साहेबाच्या हातावर ठेवली, आणि साहेबालासुद्धा लाल देठ दिसले.

पदमलाल गोड आवाजात म्हणाला की साहेब, कालपर्यंत रोज नऊ किलो खुडणारी पोर आज दीडवर कशी आली, हे विचारलं पाहिजे. ते नऊ किलो कुणी खुडले? साहेबाने टोळीला विचारलं. ऐंशी बायकांनी आकाशाकडे पाहिलं. शेवटी सन्तमाया पुढे झाली.

"धुकं होतं, साहेब. धुक्यात कोण कुणाला दिसतं?"

पदमलालने आपल्या बायकोकडे बघितलं. तिनेही आकाशाकडे पाहिलं, आणि त्याला तिच्या भुवया त्या पंधरवड्यात पहिल्यांदा दिसल्या. मग तो साहेबाकडे वळून कोरडेपणाने म्हणाला की बदली नापास, घर परत, लिहून टाकू या.

नैनकला रस्त्याच्या कडेला उभी होती. साहेबाने लेखणी काढली. वर, लाइनीत, इस्कुसच्या वेलाखाली तिच्या पत्र्यावर ऊन चमकत होतं. इतकं लांबूनही तिला आपला पत्रा ओळखू आला. ती कठड्यापाशी गेली. सुवासचा कान पकडून तिने त्याला खाली आणलं, रेबिकाच्या पाठीवरची डोको काढली, आणि पट्टा त्याच्या कपाळावर चढवला. त्यासाठी तिला दगडावर उभं राहावं लागलं.

"नाव बदला," ती साहेबाला म्हणाली. "हा माझी बदली."

छाटणीवाले आधी समजलेच नाहीत. मग समजले, आणि एकाने शिट्टी घातली. पदमलाल म्हणाला, असं आजवर झालेलं नाही. पुरुष खुडणार म्हणजे मळ्याची अब्रू काय राहिली, उद्या बायका छाटायला मागतील. साहेबाने नियमाचं पुस्तक मागवलं. ते कारकुनाच्या टेबलाच्या पायाखाली होतं, टेबल डगमगू नये म्हणून. ते काढल्यावर टेबल पडलं. पुस्तकात लिहिलं होतं, घरातली एक सक्षम व्यक्ती. बाई की बुवा, लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार.

पदमलालने शेवटचा डाव टाकला: अर्धा दिवस उरलाय, भोंगा होईपर्यंत याने चार किलो खुडावेत, सर्वांसमोर. साहेबाला तो न्याय वाटला.

सुवास झुडपात शिरला आणि त्याचे हात लाकूड झाले.

ओढणीत आणि धुक्यात जे हात पत्र्यावरच्या दाण्यांसारखे वाजत होते, ते उन्हात, दोनशे डोळ्यांपुढे, खरंच खुरप्याची मूठ झाले. पहिल्याच ओळीत त्याने तीन कोंब फाडले. कठड्यावरून कुणी ओरडलं, अरे सुवासे, गजरा माळ. बायकांना वाईट वाटलं. त्या मनाने चांगल्या. त्या म्हणू लागल्या की शाबास भाइ, घाबरू नको, जमतंय, सावकाश. आणि त्या जसजशा गोड बोलू लागल्या तसतशी त्याची मान खाली गेली. आयुष्यात कुणी त्याला शाबास म्हटलेलं नव्हतं. या शब्दाचं काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. अर्धा तास गेला. डोकोचा तळ झाकला नव्हता.

नैनकला ओळीत उतरली. सन्तमायाला तिने हाताने बाजूला केलं आणि गप्प बसायला सांगितलं. मुलाच्या खांद्याशी जाऊन ती उभी राहिली. आणि मग तिने सुरू केलं. ही काय रीत झाली का, म्हणाली, झुडपाला गुदगुल्या करतोस का. मोमो वळतोस तसा काय हात चालवतोस, तेही फुटायचेच. तुझ्या आजोबाला एक डोळा होता, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कोंब दिसायचे. मनगट कशाला हलवतोस, डुक्कर शेपूट हलवतं तसं? आणि हे कोण हसतंय कठड्यावर? त्या गध्यांकडे बघू नकोस, त्यांना छाटणी येत नाही, म्हणून तर झुडपं अशी वाकडी. पुढे हो. पुढे. तिथे काय तुझं लग्न लागलंय?

हे ती वरच्या पट्टीत, एकसुरी, श्वास न घेता बोलत होती, घरात तीस वर्षं बोलत आली होती तसं. सुवासची मान वर आली. हे त्याच्या ओळखीचं होतं. यात काय करायचं असतं ते त्याला माहीत होतं: ऐकायचं नाही, आणि आपलं काम करायचं. उजवा हात सुटला, मग डावा. फाटण्याचा आवाज थांबला आणि तुटण्याचा सुरू झाला. ओळ संपली; नैनकला शिव्या देत त्याच्या मागे दुसऱ्या ओळीत वळली. तिच्या शिव्यांना ताल आला होता आणि त्याच्या हातांनी तो धरला होता. बायका शाबास म्हणायचं विसरल्या. मग कठडा हसायचं. एक छाटणीवाला म्हणे खाली उतरून बघायला गेला आणि त्याला फक्त मिशी दिसली, हात दिसले नाहीत.

भोंगा झाला तेव्हा पाती पाच किलो शंभर होती.

पदमलालने सगळी डोको ताडपत्रीवर उलटी केली आणि गुडघ्यावर बसून लाल देठ शोधू लागला. पहिल्या अर्ध्या तासातले सात सापडले. तो आणखी शोधत होता तेव्हा त्याच्या बायकोने येऊन त्याच्या हातातली छडी काढून घेतली आणि घरी चला म्हणून सांगितलं, भात करायचाय.

साहेबाने ते सात देठ वजनातून वजा केले आणि कागद पुढे ओढला. रेबिकाचं नाव खोडून सुवासचं घातलं. मग चष्मा वर करून तो म्हणाला की इथे एक रकाना आहे, जागा सोडणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचा: बदलीला काम येतं का. येतं किंवा नाही येत. सांगितल्याशिवाय सही होत नाही.

सगळा उतार तिच्याकडे बघू लागला. सुवास बघत नव्हता. तो कपाळावरचा पट्टा चाचपत उभा होता, पट्ट्याची लाल रेघ उमटली होती तिथे.

नैनकलाने आयुष्यात 'येतं' हा शब्द कुणाबद्दल उच्चारलेला नव्हता. तिने एकदा ताडपत्रीवरच्या पातीकडे पाहिलं. एकदा कठड्याकडे, एकदा ऐंशी जोड भुवयांकडे, एकदा साहेबाच्या न मळलेल्या बुटांकडे.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्याहून वाईट. या सगळ्यांहून बरं."

साहेब म्हणाला की रकाना लहान आहे.

"मग अक्षर लहान काढा," नैनकला म्हणाली, आणि अंगठा उठवायला शाई मागितली.